प्रौढ निवेदक आणि पडद्यावरचा पिप : ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च्या माध्यमांतराविषयी

प्रस्तावना

इंग्रजीतील अभिजात कादंबऱ्या आणि त्यांवर आधारित चित्रपट यांची तुलना हा महाविद्यालयीन अभ्यासात वारंवार येणारा विषय आहे. ही तुलना बहुधा एका ठरावीक वाटेने जाते. कादंबरीतील कोणती पात्रे चित्रपटात आली नाहीत, कोणते प्रसंग गाळले गेले, शेवट बदलला किंवा कसे, यांची यादी केली जाते आणि तिच्या आधारे चित्रपट मूळ कलाकृतीशी प्रामाणिक आहे अथवा नाही, असा निर्णय दिला जातो. अशी यादी अगदीच निरुपयोगी असते असे नाही. परंतु एकूण ५९ प्रकरणांची कादंबरी दोन तासांत बसवताना बरेच काही गळणार, हे सांगण्यासाठी अभ्यासकाची आवश्यकता नसते. काय गळले यापेक्षा, जे राहिले आहे त्याचा अर्थ तोच राहिला का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

माध्यमांतराच्या अभ्यासात हा प्रश्न नवा नाही. जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कादंबरीतील मनोमय प्रतिमा आणि चित्रपटातील दृश्य प्रतिमा यांतील मूलभूत भेद मांडला. पुढे १९९६ मध्ये ब्रायन मॅकफार्लेन यांनी कथनातील काही घटक एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जवळजवळ जसेच्या तसे नेता येतात, तर काहींसाठी नव्या माध्यमाला स्वतःचा पर्याय शोधावा लागतो, अशी उपयुक्त विभागणी केली. घटना पहिल्या वर्गात मोडतात. निवेदकाचा स्वर दुसऱ्या वर्गात. चार्ल्स डिकन्स यांची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी आणि डेव्हिड लीन यांनी दिग्दर्शित केलेला तिच्यावरील १९४६ चा चित्रपट हे मॅकफार्लेन यांनीही अभ्यासलेले उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात त्याच उदाहरणाचा विचार एका मर्यादित अंगाने केला आहे. ते अंग म्हणजे निवेदकाचे वय.

हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. वेळेअभावी किंवा विद्यार्थ्यांना एकोणिसाव्या शतकातील दीर्घ वाक्यरचना झेपत नाही म्हणून वर्गात कादंबरीऐवजी चित्रपट दाखवला जातो. कथानक समजावे एवढाच हेतू असेल तर त्यात फारसे बिघडत नाही. मात्र या कादंबरीचे कथानक हाच तिचा आशय आहे, असे गृहीत धरले गेले तर विद्यार्थ्याच्या हाती एका गरीब मुलाच्या प्रेमाची आणि नशिबाची गोष्ट तेवढी येते. डिकन्स यांनी लिहिला आहे तो एका माणसाचा कबुलीजबाब.

कादंबरीतील दोन पिप

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी डिकन्स यांच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. केंट परगण्यातील दलदलीच्या प्रदेशात, लोहार असलेल्या मेहुण्याच्या घरी वाढणारा पोरका पिप, स्मशानात त्याच्यापुढे उभा ठाकलेला पळपुटा कैदी मॅग्विच, लग्नाच्या दिवशी फसवली गेल्यापासून घड्याळे थांबवून बंद घरात राहणारी मिस हॅविशॅम, तिने पुरुषांवर सूड उगवण्यासाठी वाढवलेली एस्टेला, आणि अज्ञात दात्याच्या पैशावर ‘जंटलमन’ होण्यासाठी लंडनला गेलेला तरुण पिप, ही कथा सर्वपरिचित आहे. हा दाता मिस हॅविशॅम नसून मॅग्विच होता, हे पिपला वयाच्या तेविसाव्या वर्षी कळते.

कथा प्रथमपुरुषी आहे. परंतु प्रथमपुरुषी निवेदन असे म्हणून थांबल्यास मुख्य गोष्ट निसटते. या कादंबरीत ‘मी’ दोन आहेत. एक, ज्याच्या आयुष्यात घटना घडत आहेत तो मुलगा आणि नंतरचा तरुण. दुसरा, अनेक वर्षांनंतर त्या घटना लिहून काढणारा प्रौढ पुरुष. तरुण पिपला आपण काय करीत आहोत हे पुरते कळत नाही. लिहिणाऱ्या पिपला ते कळलेले आहे, आणि त्या कळण्याची किंमत त्याने मोजलेली आहे. वाचकाला पहिल्याची कृती दिसते आणि दुसऱ्याचा स्वर ऐकू येतो. या दोहोंमधील अंतर हेच कादंबरीतील विनोदाचे, लाजेचे आणि करुणेचे उगमस्थान आहे. पिप कितीही क्षुद्र वागला तरी वाचक त्याला सोडून देत नाही, कारण त्याचा न्यायनिवाडा करणारा कोणी तिऱ्हाईत नसून तो स्वतःच असतो.

बालपणाचा भाग : लहान चेहरा, मोठा आवाज

लीन यांच्या चित्रपटाचा आरंभ पडद्यावर उघडलेल्या पुस्तकाच्या पानाने होतो. जॉन मिल्स यांच्या, म्हणजे मोठ्या पिपच्या आवाजात कादंबरीचा प्रारंभ ऐकू येतो. वाऱ्याने पाने फडफडतात आणि दलदलीच्या कडेने, फाशीच्या खांबांजवळून धावत येणारा छोटा पिप दिसू लागतो. स्मशानातील झाडांची करकर, त्यांचे माणसासारखे भासणारे आकार, घाबरून पळू पाहणारा मुलगा, आणि एकाएकी त्याला पकडणारा कैदी. प्रेक्षकाला दचकवणारे हे दृश्य चित्रपटांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी सार्थ आहे.

या भागात चित्रपटाने निवेदनाला खरोखरच पर्याय शोधला आहे. कॅमेरा मुलाच्या उंचीवर उतरतो. मोठी माणसे खालून पाहिल्यासारखी, अंगावर येणारी दिसतात. कलादिग्दर्शक जॉन ब्रायन यांनी नेपथ्य मुद्दाम विषम प्रमाणात उभारले. स्मशानामागील चर्च तर लहान आकाराची प्रतिकृती होती. चोरलेले खाद्यपदार्थ घेऊन धुक्यातून जाताना पिपला गायीही आपल्यावर आरोप करीत आहेत असे वाटते, हा कादंबरीतील तपशील चित्रपटाने गायींना प्रत्यक्ष बोलायला लावून घेतला आहे. कागदावर हे हास्यास्पद वाटेल. पडद्यावर ते अपराधी मुलाच्या मनाचे अचूक चित्र ठरते. या चित्रपटाला छायालेखनासाठी (गाय ग्रीन) आणि कलादिग्दर्शनासाठी (ब्रायन व विल्फ्रेड शिंगलटन) मिळालेल्या ऑस्कर पारितोषिकांमागे या भागाचा वाटा मोठा असणार.

तथापि दृश्यरचनेच्या जोडीला आणखी एक गोष्ट येथे काम करते आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पडद्यावर चेहरा आहे तो अँथनी वेजर या मुलाचा, आणि निवेदन आहे प्रौढ पुरुषाच्या आवाजात. भोगणारा वेगळा आणि सांगणारा वेगळा, हे प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ते त्याला दिसते आणि ऐकू येते. कादंबरीतील दोन पिप येथे अनायासे उभे राहतात. आवाजाच्या वाट्याला मोजकीच वाक्ये असूनही त्यांत मागे वळून पाहण्याचा भाव असतो. चित्रपटाचा पहिला साधारण तृतीयांश भाग उरलेल्या भागापेक्षा सरस आहे, असे मत अनेक समीक्षकांनी नोंदवले आहे. त्याचे श्रेय लहान वयाच्या नटांना, विशेषतः एस्टेला झालेल्या जीन सिमन्स यांना दिले जाते. (याच सिमन्स यांनी १९८९ च्या दूरचित्रवाणी मालिकेत मिस हॅविशॅमची भूमिका केली, हा एक सुखद योगायोग.) हे श्रेय योग्यच आहे, परंतु पुरेसे नाही. जे नंतर हरवते ते केवळ बालनटांचे आकर्षण नव्हे.

आवाज आणि चेहरा एक झाल्यावर

पिप मोठा होतो आणि जॉन मिल्स पडद्यावर येतात. चित्रीकरणाच्या वेळी त्यांचे वय सदतीस-अडतीस होते आणि पात्राचे विशीचे, ही तक्रार जुनी आहे. खरी अडचण मात्र वेगळी आहे. आता जो चेहरा दिसतो, त्याचाच आवाज निवेदन करतो. घटना भोगणारा तरुण आणि तिच्याविषयी बोलणारा माणूस एकाच वयाचे झाले. निवेदन चालू राहते, परंतु ज्या अंतरावरून ते यायला हवे ते अंतर नाहीसे होते.

याचा परिणाम सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो जो लंडनला येतो त्या प्रसंगात. कादंबरीच्या २७ व्या प्रकरणात बिडीचे पत्र येते आणि जोच्या आगमनाच्या कल्पनेने पिप अस्वस्थ होतो. पैसे देऊन त्याला दूर ठेवता आले असते तर आपण ते खुशाल दिले असते, अशी कबुली निवेदक देतो. जो येतो. ठेवण्याच्या जागेवरून त्याची टोपी पुन्हा पुन्हा खाली पडते आणि तो ती झेलत राहतो. पिपला कधी नावाने, तर कधी ‘सर’ म्हणून संबोधतो. न्याहारीच्या टेबलावर हर्बर्ट सौजन्याने वागतो आणि पिप चिडून जातो. हर्बर्ट बाहेर पडल्यावर जो निरोप सांगतो, आपली जागा भट्टीपाशी आहे, येथे नाही, हे शांतपणे मान्य करतो आणि पिपच्या कपाळाला हळूच स्पर्श करून निघून जातो. भानावर आलेला पिप त्याला शोधायला रस्त्यावर धावतो. जो दिसत नाही.

एवढ्यावर प्रकरण संपते आणि एखाद्या सामान्य लेखकाने पुढे पिपचे हृदयपरिवर्तन दाखवले असते. डिकन्स यांनी २८ व्या प्रकरणात जे लिहिले आहे ते अधिक निर्दय आहे. दुसऱ्या दिवशी पिप गावी जायला निघतो. पश्चात्तापाच्या पहिल्या भरात आपण जोच्याच घरी उतरणार हे त्याला स्वच्छ दिसत असते. मग हळूहळू सबबी सुचू लागतात. जोची गैरसोय होईल; आपली वाट कोणी पाहत नसेल, बिछाना तयार नसेल; मिस हॅविशॅमच्या घरापासून ते लांब पडेल. शेवटी तो ‘ब्लू बोअर’ या खानावळीत मुक्काम करतो. दुसऱ्याने दिलेले खोटे नाणे चुकून घेणे समजू शकते, पण स्वतःच पाडलेले खोटे नाणे खरे म्हणून स्वतःच पदरात घ्यावे, हे नवल आहे, अशा आशयाचे भाष्य निवेदक यावर करतो. हे भाष्य सबबी रचणाऱ्या तरुणाचे नाही. तो तर त्या वेळी स्वतःला पटवण्यात गुंतलेला आहे. ते भाष्य पुष्कळ वर्षांनंतरचे आहे.

चित्रपटात हा प्रसंग उत्तम वठला आहे. बर्नार्ड माइल्स यांचा जो आणि अ‍ॅलेक गिनेस यांचा हर्बर्ट यांच्यात मिल्स यांचा अवघडलेला पिप पाहताना प्रेक्षकालाही अवघडल्यासारखे होते. सबबींचा उल्लेखही निवेदनात येतो. परंतु पटकथाकारांनी येथे कादंबरीत नसलेले एक विधान पिपच्या तोंडी घातले आहे : जंटलमन होण्याच्या खटपटीत आपण केवळ एक स्नॉब झालो, अशा अर्थाचे. वाक्य चटपटीत आहे आणि प्रेक्षकांच्या लक्षात राहते. नेमका तोच त्याचा दोष म्हणावा लागेल. पडद्यावर दिसणारा तरुण त्याच वयात, त्याच आवाजात स्वतःचे अचूक निदान करतो; मग निदान झाले आणि क्षमाही झाली. स्वतःला स्नॉब म्हणू शकणारा माणूस प्रेक्षकाला फार काळ स्नॉब वाटत नाही. कादंबरीतील पिपला अशी सुटका मिळत नाही. त्याला दोष कळतो, तरी तो तसाच वागतो. आणि कळणे व वागणे यांतील ही फट भरून यायला उरलेली कादंबरी आणि त्यानंतरची कित्येक वर्षे लागतात.

निवेदकाला पडद्यावर वेगळे अस्तित्व देणे शक्य होते का? लीन यांना ही कादंबरी प्रथम भावली ती रंगभूमीवर. गिनेस यांनी स्वतः केलेले नाट्यरूपांतर १९३९ मध्ये लंडनमध्ये सादर झाले होते. त्यात गिनेस हर्बर्ट होते आणि मार्टिटा हंट मिस हॅविशॅम. दोघेही पुढे चित्रपटात त्याच भूमिकांत आले. त्या प्रयोगात निवेदनाचा वापर होता, म्हणजे ही जाणीव मुळात होतीच. चित्रपटात ती बालपणापुरती फळाला आली, एवढेच.

गाळलेला ऑर्लिक

गाळलेल्या पात्रांपैकी एकाचाच उल्लेख येथे आवश्यक आहे. जोच्या भट्टीवरील गडी ऑर्लिक चित्रपटात नाही. रहस्यकथेला शोभणारे, थोडे भडक पात्र म्हणून ते गाळणे सोयीचे होते. परंतु कादंबरीत ऑर्लिक पिपच्या बहिणीवर हल्ला करतो तो मॅग्विचच्या पायातील बेडीने, म्हणजे पिपनेच आणून दिलेल्या कानशीने कापलेल्या लोखंडाने. पुढे चुन्याच्या भट्टीजवळ पिपला बांधून घालून तो त्यालाच त्या हल्ल्याचा खरा कर्ता ठरवतो. आरोप खोटा आहे, पण पिपच्या मनातील अपराधभावाला त्याने आवाज दिला आहे. ऑर्लिकबरोबर चित्रपटातून हा काळोख निघून जातो आणि पिप अधिक निर्दोष, म्हणूनच काहीसा निष्क्रिय नायक बनतो.

दोन शेवट आणि तिसरा

या कादंबरीच्या शेवटाचा इतिहास प्रसिद्ध आहे. डिकन्स यांनी प्रथम लिहिलेल्या शेवटात एस्टेलाने पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर एका डॉक्टरशी लग्न केले आहे. पिकॅडिलीच्या रस्त्यावर तिची आणि पिपची ओझरती भेट होते आणि पिपसोबत असलेला जोचा मुलगा तिला पिपचाच वाटतो. बुलवर-लिटन यांच्या सल्ल्यावरून डिकन्स यांनी तो बदलला. मूळ शेवट जॉन फॉर्स्टर यांनी डिकन्स-चरित्राच्या १८७४ च्या खंडात प्रसिद्ध केला. छापील शेवटात अकरा वर्षे परदेशात काम करून परतलेला पिप सॅटिस हाउसच्या जागी जातो. घर पाडले गेले आहे. जुनी बाग आणि तिची भिंत तेवढी उरली आहे. संध्याकाळच्या विरत्या धुक्यात त्याला एस्टेला भेटते. क्रूर नवऱ्याच्या हातून ती पोळलेली आहे. दोघे हात धरून बाहेर पडतात आणि पुन्हा ताटातूट होण्याची सावली आपल्याला कोठे दिसली नाही, असे निवेदक सांगतो. या शेवटच्या वाक्यातील शब्द डिकन्स यांनी नंतरच्या आवृत्तीत पुन्हा बदलले.

हा शेवट सुखान्त आहे की नाही, यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. संदिग्धता आहे ती निवेदनात. सावली ‘नव्हती’ असे निवेदक म्हणत नाही, आपल्याला दिसली नाही असे म्हणतो. आणि या माणसाला आयुष्यभर समोरचे नीट दिसलेले नाही, हे वाचक जाणतो. त्या संध्याकाळनंतर काय झाले हे लिहिणाऱ्या पिपला ठाऊक असले पाहिजे. तो सांगत नाही.

चित्रपटापुढे येथे अवघड पेच होता. न दिसलेली सावली पडद्यावर कशी दाखवायची? लीन, रोनाल्ड नीम, अँथनी हॅवलॉक-अ‍ॅलन, के वॉल्श आणि सेसिल मॅकगिव्हर्न यांच्या पटकथेने तिसराच शेवट रचला. घर पडलेले नाही. आजारातून उठलेला पिप तेथे जातो तेव्हा भूतकाळातील आवाज त्याच्या कानी पडतात. एस्टेला मिस हॅविशॅमच्या खोलीत तिच्याच जागी बसलेली आहे. जॅगर्सने तिच्या जन्माचे सत्य सांगितल्यावर बेंटले ड्रमलने लग्न मोडले आहे आणि ती आता मिस हॅविशॅमचेच आयुष्य जगायला निघाली आहे. पिप खिडक्यांवरचे जीर्ण पडदे खसाखसा ओढून काढतो, प्रकाश आत येतो आणि दोघे धावत बाहेर पडतात.

दृश्य म्हणून हे अत्यंत प्रभावी आहे, आणि युद्धाची वर्षे खिडक्या झाकून ब्लॅकआउटमध्ये काढलेल्या ब्रिटिश प्रेक्षकाला १९४६ मध्ये ते किती जवळचे वाटले असेल, याची कल्पना करता येते. या शेवटाला केवळ गल्लाभरू म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. मात्र त्यासाठी मोजलेली किंमत नेमकी कोणती, हे पाहिले पाहिजे. एस्टेलाचे लग्न झालेच नाही, म्हणजे तिचे भोगणे गेले. आणि ती अकरा वर्षे गेली. एका कारकुनाप्रमाणे कष्टाने, कर्ज फेडत, कोणाच्याही आशेवर न जगता काढलेली ती वर्षे कादंबरीत अध्यापि पानभर जागाही व्यापत नाहीत. परंतु त्याच वर्षांनी तरुण पिपचा लिहिणारा पिप झाला. ती काढून टाकल्यावर निवेदकाला वय उरत नाही. चित्रपटातील पिप पडदे फाडतो तेव्हा तो आपल्या चुकीतून बाहेर पडून काही आठवडेच झालेले असतात.

नंतरची रूपांतरे

अल्फोन्सो क्वारोन यांच्या १९९८ च्या रूपांतरात कथा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आणि न्यूयॉर्कमध्ये येते. पिप हा फिन नावाचा चित्रकार होतो. आपण घडले तसे नव्हे, तर आठवते तसे सांगणार आहोत, असे फिन सुरुवातीलाच जाहीर करतो. डिकन्स यांच्या निवेदनाचे मर्म ओळखणारी ही सुरुवात आहे. पुढे मात्र आठवणीचे रूपांतर हिरव्या रंगात न्हालेल्या प्रणयचित्रात होते आणि अपराधभाव बाजूला पडतो. अभिषेक कपूर यांचा ‘फितूर’ (२०१६) काश्मीर आणि दिल्लीत घडतो. तब्बू यांच्या बेगम हजरतमध्ये मिस हॅविशॅमचा दाह आहे, पण चित्रपटाचा सगळा भार नूर आणि फिरदौस यांच्या प्रेमावर आहे. प्रत्येक रूपांतराने एस्टेला जपली. जोला दुखावल्याची लाज मात्र कोणालाही मध्यवर्ती वाटली नाही. प्रेम दाखवता येते. लाजेला, विशेषतः उशिरा आलेल्या लाजेला, सांगणारा लागतो.

वर्गातील उपयोग

अशा स्थितीत चित्रपट वर्गातून हद्दपार करावा, असा याचा अर्थ नाही. लीन यांचा संपूर्ण चित्रपट सलग दाखवण्यापेक्षा दोन तुकडे पुरेसे ठरतील : स्मशानातील आरंभ आणि जोची लंडनभेट. पहिला तुकडा पाहून विद्यार्थ्यांनी कादंबरीचे पहिले प्रकरण वाचावे आणि कॅमेऱ्याने कोणत्या वाक्याऐवजी काय केले, ते शोधावे. दुसऱ्या तुकड्याच्या बाबतीत क्रम उलटा हवा. आधी २७ वे प्रकरण आणि २८ व्याची पहिली दोन पाने वर्गात मोठ्याने वाचावीत. प्रत्येक वाक्य त्या दिवशीच्या पिपचे आहे की लिहिणाऱ्या पिपचे, हे विद्यार्थ्यांनी समासात खुणेने नोंदवावे. काही वाक्यांपुढे दोन्ही खुणा होतील, काहींबद्दल वाद होईल. त्यानंतर पडद्यावरील तोच प्रसंग दाखवावा, आणि एकदा आवाज बंद करून पुन्हा दाखवावा.